भुलवणं आणि बुजवणं

दिवस उगवायच्या आत माळ्यावर चढून बसावं लागे. चार मेढी, त्यांवर आडवी लाकडं, वर कडब्याच्या पेंढ्या आणि जमलं तर सावलीला एखादं घोंगडं, एवढाच तो माळा. पण ज्वारीच्या कणसांवर डोकं काढायला तेवढा पुरे. जुनी गावरान ज्वारी माणसाच्या डोक्यावरून जाई, त्यामुळे खाली उभ्या असलेल्याला आपल्याच वावराचं पलीकडचं टोक दिसत नसे. माळ्यावर बहुधा दहा-बारा वर्षांचं पोर असे, नाहीतर घरातली म्हातारी. हातात गोफण आणि शेजारी वाळलेल्या ढेकळांचा ढीग.

गोफणीच्या दोन दोऱ्या आणि मध्ये विणलेला खळगा. एका दोरीच्या टोकाला फासा असतो, तो बोटात अडकवायचा. दुसऱ्या दोरीचं टोक चिमटीत धरायचं. खळग्यात ढेकूळ ठेवून डोक्यावर दोन-तीन गरके द्यायचे आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. सुटलेली दोरी हवेत फटकन वाजते आणि ढेकूळ सणसणत कणसांवरून जातं. काळ्या रानात दगड सहजी मिळत नाही, ढेकूळ मात्र पायाशी हवं तेवढं. ते उडताना फुटतं, त्याची माती पानांवर सडा शिंपल्यासारखी पडते, सळसळ होते आणि चिमण्यांचा अख्खा थवा एका अंगानं उठतो.

ढेकूळ पाखराला लागावं अशी कुणाची अपेक्षा नसे. थवा उठला की काम झालं. तो पुन्हा बसेल हे पोराला ठाऊक असे, आणि पुन्हा बसला की पुन्हा उठवायचं. उन्हं चढेपर्यंत हेच चाले. दुपारी पाखरं झाडांवर विसावली की पोर भाकरी खाई, आणि दिवस कलताना दुसरी पाळी सुरू होई.

या कामाला नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत 'पाखरं राखणं' म्हणत. शब्दाकडे नीट पाहिलं तर गंमत दिसते. गुरं राखणारा गुरांना जपतो, घर राखणारा घराला जपतो. पाखरं राखणारा मात्र पाखरांना शेतात टिकू देत नाही. तरी क्रियापद तेच. राखायचं ते पीक, पण नाव पाखरांचं.

कुणाला भुलवण्यासाठी, ओढून घेण्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. भुलवणं, चाळवणं, नादी लावणं, फूस लावणं, गळाला लावणं, जाळ्यात ओढणं, आमिष दाखवणं, चारा टाकणं. यांतले निम्मे शब्द शिकाऱ्याच्या झोळीतून आलेले आहेत. गळ मासेमाराचा, जाळं पारध्याचं. 'आमिष' म्हणजे संस्कृतात मांस. सापळ्यात लटकवलेला तुकडा. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात पोपट धरण्याच्या नळीचा दृष्टान्त आहे. पोपट नळीवर बसतो, ती त्याच्या भाराने फिरते, तो घाबरून तीच घट्ट धरतो आणि आपण बांधले गेलो असं समजून सुटायचं विसरतो. सातशे वर्षांपूर्वी गोदाकाठच्या श्रोत्यांना हा दृष्टान्त समजावून सांगावा लागला नसणार. पाखरं धरणारे लोक त्यांच्या शिवारातूनच फिरत होते.

याच्या उलट अर्थाचा शब्द शोधायला गेलं तर पुस्तकी मराठी 'परावृत्त करणं' किंवा 'विकर्षण' हाती ठेवते. बोलती मराठी असं काही म्हणत नाही. तिच्याकडे उलट बाजूचा एकच एक शब्द नाही, एक सबंध कुटुंब आहे, आणि ते शिकाऱ्याच्या घरचं नसून शेतकऱ्याच्या घरचं आहे. पारध्याला सावज जवळ हवं असतं, कुणब्याला ते दूर हवं असतं. एकाच शिवारात, एकाच पाखरामागे लागलेल्या या दोन माणसांनी भाषेचे दोन कप्पे भरले.

कुणब्याच्या कप्प्यातले शब्द वरवर सारखे वाटतात, पण राखणीला बसलेला माणूस त्यांची गल्लत करत नाही. 'उठवणं' म्हणजे बसलेलं नुसतं उडवून देणं. 'हाकणं' म्हणजे पुढे घालून नेणं. गुराखी गुरं हाकतो तेव्हा त्याला ती गमवायची नसतात. 'हाकलणं' म्हणजे आपल्या हद्दीच्या बाहेर घालवणं. 'हुसकावणं' म्हणजे ठाण मांडून बसलेल्याला जागेवरून हलवणं. 'पिटाळणं' यात पिटणं आहे, पाठीला लागून लांबवर पळवणं आहे. म्हणूनच सैन्यानं शत्रूचा हल्ला पिटाळला असं आपण म्हणतो, हाकलला असं म्हणत नाही.

या सगळ्यांहून वेगळा शब्द 'बुजवणं'. बैल बुजतो, घोडा बुजतो. समोर काहीच घडलेलं नसतं, पण वाऱ्यानं हललेलं एखादं फडकं दिसतं आणि जनावर जागच्या जागी थबकतं, मागे सरतं. बुजवणाऱ्याला हात उगारावा लागत नाही. तो दूर राहून समोरच्याच्या मनात शंका पेरतो. भुलवणाराही हेच करतो, फक्त शंकेच्या जागी आस पेरतो. भुलवणं या शब्दाचा खरा विरुद्धार्थी शब्द कोणता, असं विचारलं तर हाच सांगावा लागेल. त्याच्याच पोटातून 'बुजगावणं' आलं.

आणि हाक? हाक मारली की माणूस जवळ येतो. त्याच हाकेपासून हाकणं, हाकलणं, हाकाटी, हाकारा. शिकारीत रान उठवणारे ते हाकारे. एकच आरोळी, जवळ बोलावणारी आणि लांब घालवणारीही. फरक स्वरात आणि ऐकणाऱ्याच्या कानात. सांजेला माळ्यावरून 'होऽऽ' अशी आरोळी उठली की चिमण्या उडत, आणि बांधापलीकडच्या माळ्यावरचं पोर तशीच आरोळी देऊन आपण जागेवर असल्याचं कळवी. पाखरांना जा म्हणणारा आवाज शेजाऱ्याला मी आहे असं सांगत असे.

प्रत्येक जिवाला घालवायचा आवाज वेगळा. कुत्र्याला हाड, कोंबडीला हुश, मांजराला शुक. देगलूर-बिलोलीकडे शेजारी तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड आणि बाजारात दखनी उर्दू. पण शेतातल्या या आरोळ्यांना भाषांतर लागत नसे. अशा आवाजांची नोंद घ्यावी असं फार कमी कोशकारांना वाटतं. जेम्स मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंनी केलेल्या मराठी-इंग्रजी कोशात, म्हणजे १८३१ च्या आणि मग वाढवलेल्या १८५७ च्या आवृत्तीत, बोलीतले नादशब्द मुबलक आहेत, आणि आज ते वाचताना एखाद्या गावाच्या कडेला उभं राहून कान दिल्यासारखं वाटतं.

ही राखण किती जुनी? चांगलीच जुनी. पाणिनीच्या पाचव्या अध्यायात माणसाला वस्तूच्या नावानं संबोधण्याचं एक सूत्र आहे आणि त्यावर काशिका वृत्तीनं उदाहरण दिलं आहे 'चंचा' या शब्दाचं. चंचा म्हणजे शेतात उभा केलेला गवताचा पुरुष. ज्याच्यात काही दम नाही अशा माणसाला चंचा म्हणत. बुजगावण्यासारखा उभा आहे, असं आपण आजही म्हणतो ते थेट त्याच वाटेनं. व्याकरणाच्या क्लिष्ट ग्रंथात, धातू आणि प्रत्यय यांच्या गर्दीत, मधेच हे जुनेर पांघरलेलं बुजगावणं भेटतं तेव्हा फार आनंद होतो.

नांदेडच्या वरच्या अंगाला, त्याच गोदावरीवर पैठण. सातवाहनांच्या या राजधानीशी जोडलेल्या हालाच्या गाथासप्तशतीत शेतकरी, त्यांच्या सुना-लेकी आणि साळीचं रान राखणाऱ्या मुली येतात. ही गाथा ज्या महाराष्ट्री प्राकृतात आहे ती मराठीची पूर्वज मानली जाते, तेव्हा आपल्या भाषेच्या पहिल्या मोठ्या काव्यसंग्रहात शेतराखणीला मानाची जागा आहे असं म्हणायला हरकत नाही. कालिदासाच्या रघुवंशातही चौथ्या सर्गात उसाच्या सावलीला बसून साळ राखणाऱ्या बाया रघूची कीर्ती गातात. राखण आणि गाणं यांची सोबत तेव्हापासूनची. एकट्यानं दिवसभर बसायचं तर आवाज काढत राहिलं पाहिजे, आणि आवाज काढायचाच तर गाणं काय वाईट.

या गाण्यावर सगळ्यात सुंदर कल्पना माघानं केली. शिशुपालवधाच्या सहाव्या सर्गात शरद ऋतू येतो. साळीच्या रानात हरणांचा कळप शिरला आहे आणि राखण करणारी स्त्री त्याला हाकलत नाही. तिचं गाणं ऐकून हरणं खायची वासनाच विसरली आहेत. डोळे न मिटता तिच्यासमोर उभी आहेत. पीक वाचलं ते भुलवण्यानं. बुजवणं आणि भुलवणं यांच्यामधली भिंत एका श्लोकापुरती का होईना, पडली. मराठवाड्यातल्या रात्रीच्या राखणीत हरणासमोर असा प्रयोग कुणी केला असेल की नाही, पण जागलीला गेलेल्या माणसाचं भजन शिवारभर ऐकू येई, आणि ते देवासाठी होतं तितकंच डुकरांसाठीही.

जागल म्हणजे रात्रीची राखण. दिवसा पाखरं, रात्री हरणं, रोही आणि रानडुकरं. घरच्या माणसांवर भागलं नाही तर हे काम सालगड्याकडे येई. पाडव्याला सालगड्याचा करार ठरायचा, वर्षभराचं धान्य आणि पैसा ठरायचा, आणि त्या वर्षभरात थंडीतल्या जागलीच्या रात्रीही आल्या. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत खोपीच्या तोंडाशी शेकोटी आणि अंगावर एक घोंगडं. गोफण ज्याच्या हातची, तो वेगळा माणूस. शेताच्या कडेनं लावलेल्या अंबाडीचा वाक काढून दोर वळायचं काम गावगाड्यात मातंगांकडे होतं. चऱ्हाट, दावं, नाडा यांबरोबर गोफणही त्यांच्या हातून येई आणि त्याचं मोल रोकड्यात न मिळता सुगीत बलुतं म्हणून मिळे. पाला भाजीला आणि वाक दोराला, असं अंबाडीचं झाड दोन्हीकडून घराच्या कामी येई. पण राखणीचं सगळं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही, की पीक ज्याचं, तो रात्री बहुधा घरी झोपलेला असे.

पारध्याची कथा याहून कडू. फासे टाकून तितर, लाव्हे, ससे आणि हरणं धरणारा फासेपारधी पिकाच्या शत्रूंना कमी करत होता. शिकवलेल्या बैलाच्या किंवा गायीच्या आडोशानं हरणाजवळ सरकायचं, पाळीव तितराच्या आवाजावर रानातला तितर बोलावून घ्यायचा, ही त्याची विद्या. भुलवण्याची कला माणसांत कुणाला खरोखर येत असेल तर ती त्याला. १८७१ च्या कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात कितीतरी भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारण्याची वाट उघडली, पारधी त्यात सापडले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून नाही. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली आणि त्यांची विद्याच बेकायदेशीर ठरली. पाखरांसाठी घडवलेलं 'हाकलणं' हे क्रियापद मराठवाड्यातल्या गावांनी पारध्यांच्या पालांवर निर्दयपणे वापरलं. चिमणीला हाकलताना ती दुसऱ्या झाडावर बसेल हे गृहीत असतं. पालावरच्या माणसाला हाकलताना त्याचं झाड कोणतं, हे कुणी विचारलं नाही.

हाकलण्याचा अर्थच मुळी 'इथून जा' एवढा आहे. माझ्या वावरातून उठलेला थवा तुझ्या वावरात उतरतो. म्हणून तर अख्ख्या शिवाराची ज्वारी एका वेळेला निसवणं फार महत्त्वाचं. सगळ्यांची कणसं एकदम भरली तर पाखरांचं खाणं वाटलं जातं आणि कुणालाच फार झळ बसत नाही. एखाद्यानं आधी पेरली किंवा एखाद्याची मागे राहिली, तर सगळ्या शिवाराची पाखरं त्या एका वावरावर. जुनी माणसं पेरणीच्या नक्षत्राबद्दल इतकी काटेकोर का असत, त्याचं एक कारण हे.

या थव्यांत सगळ्यात मोठा थवा भोरड्यांचा. गुलाबी अंग, काळं डोकं आणि डोक्यावर तुरा. पळसाच्या फुलांवर मध प्यायला येतात म्हणून यांना पळसमैना असंही म्हणतात. पावसाळा सरता सरता हे पाहुणे मध्य आशियाकडून येतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. सांजेला हजारोंच्या संख्येनं त्यांचा थवा वळतो तेव्हा आभाळात एखादं काळं कापड कुणी झटकतंय असं वाटतं. तोच थवा ज्वारीवर बसला की माळ्यावरच्या पोराचा दिवस गेला. चिमण्या ढेकळानं उठतात. भोरड्यांसाठी गोफण, डबा, आरोळी सगळं एकदम लागतं, आणि दोन-तीन माळ्यांना मिळून.

याच भोरडीला चीनच्या शिनजियांग प्रांतात लोक बोलावून घेतात. तिथे ती उन्हाळ्यात अंडी घालायला येते आणि पिलांना टोळ खाऊ घालते. गवताळ रानांवर टोळधाडी येऊ नयेत म्हणून १९८० च्या दशकापासून तिथे तिच्यासाठी दगडांचे ढीग आणि खोपे बांधून ठेवले जातात. आपण जिला दोन हातांनी हुसकावतो तिच्यासाठी तिथे घर बांधतात. पक्षी तोच, आपल्याकडे तो कणसाच्या हंगामात येतो, त्यांच्याकडे टोळांच्या.

त्याच चीननं त्याआधी उलटा अनुभव घेतला होता. १९५८ मध्ये चिमण्या धान्य खातात म्हणून देशभर मोहीम निघाली. गावंच्या गावं थाळ्या, ढोल, भांडी बडवत उभी राहिली. चिमणीला कुठेच बसू द्यायचं नाही, दमून ती आभाळातून खाली पडेपर्यंत. हे राखणं नव्हतं, कारण जायला जागाच ठेवलेली नव्हती. चिमण्या गेल्या आणि कीड माजली. पक्षीतज्ज्ञांनी चिमण्यांच्या पोटात काय असतं ते दाखवल्यावर १९६० मध्ये मारायच्या यादीतून चिमणी काढून तिच्या जागी ढेकूण घातला गेला. तोवर त्या देशात भीषण दुष्काळ सुरू झालेला होता आणि या मोहिमेनं त्यात भर घातली. नांदेडच्या माळ्यावरचं पोर आणि ती मोहीम, दोघांच्या हातात वाजवायला डबाच होता. पोर दुपारी भाकरी खायला बसे, तेवढा वेळ चिमणीलाही मिळे.

न हाकलणाऱ्यांच्याही गोष्टी आहेत, आणि त्या संतांच्या आहेत. महीपतींनी तुकोबांच्या चरित्रात सांगितलेली कथा घरोघर ठाऊक आहे. एका कुणब्यानं तुकोबांना शेत राखायला बसवलं. थवे उतरले, तुकोबांना त्यांना उठवणं काही जमेना. पाखरांच्या भुकेचा त्यांना कळवळा. मालक आला, कणसं रिकामी पाहून संतापला, गाऱ्हाणं पंचांपुढे गेलं. आणि मळणी केली तेव्हा रास नेहमीपेक्षा मोठी भरली. नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूंकडेही अशीच एक कथा असते. लहानग्या नानकांनी गुरं राखायला नेली, ते ध्यानात बुडाले आणि गुरांनी दुसऱ्याचं शेत खाल्लं. तक्रार झाली, पाहायला माणसं गेली तर पीक जसंच्या तसं उभं. ननकाना साहिबला त्या जागी कियारा साहिब हा गुरुद्वारा आहे. गोदेकाठच्या या शहरात वारकरी आणि शीख शेजारी राहतात, आणि दोघांच्याही संताची परीक्षा एका खाल्लेल्या शेतावरच झालेली आहे. दोन्ही कथांत एक गोष्ट मात्र कुणी नाकारलेली नाही: मालकाचा राग खरा होता. एका वर्षाची ज्वारी गेली तर घर उपाशी.

हाकलणं आणि न हाकलणं या दोन टोकांच्या मध्ये लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत दरवर्षी एक दिवस येतो. मार्गशीर्षातली अमावस्या, वेळ अमावस्या. लोक येळवस म्हणतात. घरादाराला कुलूप लावून सगळे शेतात. कडब्याची कोप उभारायची, आत पांडवांची आणि लक्ष्मीची पूजा, भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली आंबील. पूजेनंतर आरोळी ठोकत पिकाभोवती फिरायचं आणि आंबील रानात शिंपायची. त्या आरोळीचे शब्द कन्नड वळणाचे आहेत आणि मराठी घरांतली मुलंही ते अर्थ न विचारता तोंडपाठ म्हणतात. लातूर शहर त्या दिवशी ओस पडतं. महिनाभर 'जा' म्हणणारं रान त्या दिवशी 'या' म्हणतं, ओळखीच्याला आणि अनोळखीलाही. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून कोपीत बसवतात. त्याच सांजेला काही गावांत पेटता टेंभा पिकाभोवती फिरवतात. बोलावणं आणि घालवणं, दोन्ही एकाच दिवशी आटोपून माणसं घरी परततात.

माळे ओस पडू लागले ते हळूहळू. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, पुढे खरिपात संकरित ज्वारी पसरली. ताट बुटकं झालं, कणीस मोठं झालं, आणि कडबा कमी. उंच ताटावरून मान खाली घालून लोंबणाऱ्या गावरान कणसावर पाखराला नीट बसता येत नसे. सरळ उभं कणीस म्हणजे त्याला मांडलेलं ताटच. पण खरा बदल सोयाबीननं केला. १९९० नंतर लातूर-नांदेडच्या खरिपातून ज्वारी मागे हटत गेली आणि काळ्या रानावर सोयाबीनचा हिरवा गालिचा पसरला. लातूरचा बाजार आज सोयाबीन आणि तुरीच्या भावासाठी देशभर ओळखला जातो. सोयाबीनच्या शेंगेत चिमणीला रस नाही. पोरं शाळेत गेली, हे चांगलंच झालं. माळ्याची लाकडं चुलीत गेली. ज्याच्या घरी अजून रब्बीची मालदांडी आहे त्याच्या एकट्याच्या वावरावर शिवाराची सगळी पाखरं येतात, आणि 'भाकरीपुरती' म्हणून पेरलेली ती ज्वारी राखायला माणूस परवडत नाही.

सोयाबीनला पाखरांचं भय नसलं तरी हरणांचं आणि डुकरांचं आहे. बांधावर आता जुन्या साड्या दिसतात. लाल, जांभळ्या, पिवळ्या साड्या खुंट्यांवरून सलग ताणून अख्ख्या वावराला गुंडाळलेलं असतं. दुरून एखाद्या लग्नाचा मांडवच वाटतो. कुठे चकाकणाऱ्या पट्ट्या, कुठे कॅसेटची फीत, कुठे वाऱ्यावर खडखडणाऱ्या रिकाम्या बाटल्या. ज्याला झेपतं तो झटका मशीन लावतो. सौर बॅटरीवरची तार, तोंड लागलं की जनावराला हलका धक्का. कुणी कर्ण्यावर माणसाच्या आरोळ्या आणि कुत्र्यांचं भुंकणं रेकॉर्ड करून रात्रभर वाजवतं. जागलीला बसलेल्या माणसाचा आवाज आता यंत्रात आहे. पण बुजगावण्याला जी खोड होती तीच या सगळ्यांना आहे. चार दिवस जनावर बुजतं, मग सवय होते. जुना शेतकरी म्हणूनच बुजगावण्याचा सदरा बदली, जागा बदली, कधी मडक्याच्या तोंडावर चुन्याचे नवे डोळे काढी. भुलवणाऱ्याचं आमिष आणि बुजवणाऱ्याचं सोंग, दोन्ही शिळी होतात.

ज्वारीशेजारच्या हरभऱ्यात मात्र दुसरंच काही चाललेलं असतं. हरभऱ्याचा शत्रू घाटेअळी, आणि ती पाखरं खातात. म्हणून कृषी विद्यापीठाची माणसं गेली कित्येक वर्षं सांगत आली आहेत की हरभऱ्यात आणि तुरीत पक्षी थांबे लावा: उभी काठी, वर आडवी काठी, इंग्रजी टी अक्षरासारखी. पाखरं तिथे टेकतात, इकडे-तिकडे पाहतात आणि अळ्या वेचतात. हरभरा पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळायचीही शिफारस आहे; अधूनमधून उगवलेल्या ज्वारीच्या ताटांवर पाखरं बसावीत म्हणून. ज्या कणसासाठी माळे बांधले, गोफणी वळल्या, तेच कणीस इथे चारा म्हणून टाकलेलं आहे. आणि थांब्याची ती काठी बहुधा तुरीचीच तुराटी असते. बांधाच्या अलीकडे ज्वारीत दोन तुराट्या आडव्या-उभ्या बांधून वर जुना सदरा चढवलेला असतो. बांधाच्या पलीकडे हरभऱ्यात तशाच दोन तुराट्या सदऱ्याविना उभ्या असतात, आणि त्यांवर भोरड्या बसलेल्या असतात.